तीन मिनिटांचं घराणं

या पुस्तकात ज्या बँडविषयी लिहिलं आहे, त्यांतल्या बहुतेकांची नावं मराठी वाचकांनी ऐकलेली नसतील. त्यांतल्या एकाचं एक गाणं मात्र अनेकांच्या कानावरून गेलेलं असेल. जुळ्या बहिणींवरचा 'द पेरेंट ट्रॅप' हा १९९८ चा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी त्यात ते ऐकलं आहे. काही जणांना ते सिक्सपेन्स नन द रिचर या अमेरिकन बँडच्या आवाजात ठाऊक असेल. गाण्याचं नाव 'देअर शी गोज'. आधी एकटी गिटार येते, वरच्या तारांवरची, पुन्हा पुन्हा मूळ जागी परतणारी एक छोटी सुरावट. मग ड्रम्स, मग थोडा ताणलेला, कडेला खरखरीत असा पुरुषी आवाज. पावणेतीन मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. बारकाईने ऐकलं की लक्षात येतं, या गाण्याला अंतराच नाही. मुखडा पुन्हा पुन्हा येतो, मधे एकदा चाल वेगळ्या वाटेने जाऊन परत येते, आणि गाणं संपतं. काही राहून गेलं असं ऐकणाऱ्याला वाटत नाही.

हे गाणं लिव्हरपूलच्या द ला'ज या बँडचं. १९८८ मध्ये ते पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९९० मध्ये पुन्हा काढल्यावर ते ब्रिटिश विक्रीयादीत १३ व्या क्रमांकापर्यंत पोचलं. त्याच वर्षी बँडचा अल्बम आला. तो त्यांचा पहिला, आणि आजवरचा एकमेव. गाणी लिहिणारा आणि गाणारा ली मेव्हर्स आता साठी ओलांडून गेला आहे, पण दुसरा अल्बम त्याने दिलेला नाही. एका गाण्याच्या बळावर जगभर पोचलेला, आणि तरीही ज्याचं नाव कुणाला सांगता येत नाही, असा हा बँड. त्याच्यापासून सुरुवात केली की विषय आपोआप उलगडत जातो.

१९८० च्या आसपासपासून आजपर्यंत ब्रिटनमध्ये गिटार घेऊन उभे राहिलेले असे काही बँड आहेत, ज्यांच्या कानाची सगळी मशागत १९६४ ते १९६८ या मोजक्या वर्षांच्या पॉप संगीतावर झाली. स्मिथ्स, स्टोन रोझेस, ओएसिस हे याच कुळातले, पण त्यांच्याविषयी कपाटं भरतील इतकं लिहून झालं आहे. मला लिहायचं होतं ते पेल फाउंटन्स, शॅक, द ला'ज, टीनएज फॅनक्लब, द कोरल, द क्लायंटेल यांच्याविषयी. यांतल्या काहींच्या रेकॉर्ड खपल्या, काहींच्या अजिबात खपल्या नाहीत. टीनएज फॅनक्लब आणि कोरल तर यादीत बरेच वर जाऊन आले. तरीही यांचा विषय निघाला की इंग्रज समीक्षक कौतुकाने मान डोलावतो आणि पुढे जातो. गाणी छान आहेत, पण हे सगळं आधी ऐकलेलं आहे, एवढाच त्याचा शेरा असतो. माझं भांडण या शेऱ्याशी आहे.

तो कुठून आला हे पाहायला हवं. ब्रिटनमध्ये एनएमई आणि मेलडी मेकर ही संगीताची वजनदार साप्ताहिकं होती. दर आठवड्याला मुखपृष्ठासाठी नवा चेहरा लागायचा, आणि आजच्याला नवं म्हणायचं तर कालच्याला जुनं ठरवणं भाग पडायचं. १९७६-७७ मध्ये पंक आलं, तेव्हापासून तर पॉपचा इतिहास म्हणजे एकामागून एक उठाव ही समजूत पक्कीच झाली. या हिशेबात १९८२ साली पंधरा वर्षांपूर्वीची रेकॉर्ड ऐकून गाणं बांधणारा मुलगा कुठे बसणार? त्याने मागे वळून पाहिलं, एवढाच त्याचा गुन्हा.

ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला हा हिशेब विचित्र वाटतो. भीमसेन जोशी सवाई गंधर्वांच्या तालमीतली चीज गायला बसले तर 'हे आधी ऐकलंय' म्हणून कुणी सतरंजीवरून उठून गेलं नाही. आज षड्ज कसा लागला, सम कशी गाठली, मिळालेल्या ऐवजाचं या गळ्याने काय केलं, हे ऐकायला माणसं बसायची. काय गायचं आणि काय टाळायचं याची पिढ्यांनी घासूनपुसून तयार केलेली शिस्त म्हणजे घराणं. हे बँड मला त्या कानाने ऐकावेसे वाटतात, आणि तसे ऐकले की त्यांची उंची वेगळीच दिसते. तीन मिनिटांची मर्यादा, एकाच ओळीवर दोन-तीन गळे एकत्र लावणं, गिटारचा खणखणीत आणि लांबत जाणारा नाद, आपल्या गल्लीबद्दल आपल्याच उच्चारांत गाणं, ही या घराण्याची शिस्त. फरक एवढाच, की समोर बसवून शिकवणारा गुरू इथे नव्हता. पुठ्ठ्याच्या कव्हरातली, कुणीतरी विकून टाकलेली रेकॉर्ड हाच गुरू.

त्या नादाविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं आकर्षण तिथून सुरू होतं. साध्या गिटारला सहा तारा असतात. बारा तारांच्या गिटारमध्ये प्रत्येक तारेशेजारी एक जोडीदार तार बसवलेली असते. खालच्या सुरांच्या चार तारांना एक सप्तक वरच्या सुरात लावलेली जोडीदार तार मिळते, आणि वरच्या दोन तारांना त्यांच्याच सुरातली. एका पट्टीने दोन्ही तारा एकदम छेडल्या जातात. कितीही नीट जुळवल्या तरी दोन तारा तंतोतंत एक होत नाहीत, आणि त्या केसाएवढ्या अंतरातून सूर थरथरत, चमकत बाहेर येतो. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेला गेले तेव्हा रिकनबॅकर कंपनीने अशी एक इलेक्ट्रिक गिटार न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हॅरिसनच्या हाती दिली. कंपनीचा हा नमुना तेव्हा नुकताच तयार झाला होता. त्या उन्हाळ्यात 'अ हार्ड डेज नाइट' हा चित्रपट आला. तो पाहून रॉजर मॅग्विन या तरुणाने स्वतःसाठी तशीच गिटार घेतली, आणि पुढच्या वर्षी त्याच्या बर्ड्स या बँडने 'मिस्टर टॅम्बुरीन मॅन' हे डिलनचं गाणं त्या नादात बुडवून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. स्टुडिओत कंप्रेसर लावून तारेचा सूर लांबवला होता, त्यामुळे एक सूर विझण्याआधीच दुसरा त्यावर चढतो. लिव्हरपूलच्याच सर्चर्स या बँडचाही या नादात वाटा आहे. त्यांच्या १९६४ च्या गाण्यांत तो स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे लिव्हरपूलचा आवाज कॅलिफोर्नियाला गेला, तिथे त्यावर आणखी काम झालं आणि तो घरी परतला. नंतरच्या मुलांना तो दोन्हीकडून मिळाला.

या प्रवासात एक मुक्काम मुंबईचा आहे. बर्ड्समधल्या मॅग्विन आणि डेव्हिड क्रॉस्बी यांनी १९६५ मध्ये हॅरिसनजवळ रविशंकरांच्या वादनाचा विषय काढला. त्या वर्षअखेरीस बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार वाजली. १९६६ मध्ये हॅरिसन मुंबईत ताजमहाल हॉटेलात उतरून रविशंकरांकडून सतार शिकला. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला आणि एचएमव्हीच्या मुंबईतल्या स्टुडिओत त्याने 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमचा काही भाग इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केला. त्यांत संतूरवर शिवकुमार शर्मा होते. एकच सूर खाली अखंड धरून त्यावर सुरावट फिरवायची, ही रीत ब्रिटिश गिटारमध्ये आली त्यामागे हे सगळं आहे. ला'जच्या किंवा शॅकच्या गाण्यात खुली तार सारखी वाजत राहते आणि तिच्यावर चाल चढत-उतरत जाते, तेव्हा तानपुऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला ते परकं वाटत नाही.

आता प्रश्न असा, की या मुलांनी साठचं दशक निवडलं म्हणजे नेमकं काय निवडलं? फुलाफुलांचे सदरे आणि रंगीत चष्मे हे त्या दशकाचं दुकानात मिळणारं रूप. या बँडचं साठचं दशक वेगळं आहे, आणि मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की त्यांचे गुरू स्वतःच पडलेले होते. लॉस एंजेलिसच्या लव्ह या बँडचा 'फॉरेव्हर चेंजेस' १९६७ च्या अखेरीस आला. अमेरिकेत तो १५४ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. ब्रिटनमध्ये मात्र २४ वा आला. किंक्सचा 'द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' नोव्हेंबर १९६८ मध्ये बीटल्सच्या पांढऱ्या अल्बमच्याच दिवशी दुकानांत लागला आणि यादीत कुठेही दिसला नाही. झॉम्बीजनी 'ओडेसी अँड ऑरॅकल' ॲबी रोड स्टुडिओत पूर्ण केला. तो बाजारात येईपर्यंत बँड मोडलेला होता, आणि त्यातलं 'टाइम ऑफ द सीझन' १९६९ मध्ये अमेरिकेत गाजलं तेव्हा ते यश घ्यायला कुणी जागेवर नव्हतं. आज या तिन्ही रेकॉर्ड थोर मानल्या जातात. त्या थोर आहेत हे आधी ओळखलं ते समीक्षकांच्या बरोबरीने या पोरांनी. पुस्तकातल्या बँडना जे दुर्लक्ष भोगावं लागलं, तेही एका अर्थाने वारशातच मिळालं.

लिव्हरपूलला 'फॉरेव्हर चेंजेस'चं वेड का लागलं, याचं एक उत्तर नाही. बंदराचं शहर, अमेरिकेकडे तोंड करून बसलेलं. गोदीतली कामं संपत आलेली, बेकारी भयंकर, १९८१ मध्ये टॉक्स्टेथमध्ये दंगली उसळलेल्या. तरुणांकडे वेळ होता आणि पैसा नव्हता, आणि जुन्या रेकॉर्ड स्वस्त होत्या. त्याच काळात रेडिओवर सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांचं राज्य होतं. अशा वेळी हातात अकूस्टिक गिटार आणि सोबत ट्रंपेट घेऊन उभं राहणं ही एक भूमिका होती. १९८२ मध्ये पेल फाउंटन्सचं 'थँक यू' आलं, त्यात हे दोन्ही होतं. गाणारा मायकल हेड तेव्हा जेमतेम विशीतला. लव्हचा आर्थर ली आणि संगीतकार बर्ट बॅकरॅक हे दोघे एका खोलीत बसून गाणं बांधतील तर ते कसं होईल, असा काहीसा त्याचा ध्यास. दोन अल्बम झाले, १९८४ आणि १९८५ मध्ये, आणि बँड संपला.

मायकल हेड या माणसावर या पुस्तकातली सर्वांत जास्त पानं खर्ची पडली आहेत. धाकटा भाऊ जॉन याला घेऊन त्याने शॅक उभा केला. १९९१ मध्ये लंडनच्या एका स्टुडिओत त्यांनी 'वॉटरपिस्टल' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. काम संपल्यावर त्या स्टुडिओला आग लागली आणि मूळ टेप जळाल्या. डॅट या डिजिटल टेपवरची एक प्रत निर्माता ख्रिस ॲलिसनकडे होती. ती तो अमेरिकेत भाड्याच्या गाडीत विसरून आला. प्रत शोधून परत मिळेपर्यंत रेकॉर्ड कंपनी बंद पडलेली होती. अल्बम बाहेर आला तो १९९५ मध्ये, हॅम्बर्गच्या मरीना या छोट्या लेबलवर, जेव्हा ब्रिटपॉपच्या लाटेवर याच घराण्यातले इतर बँड लाखोंनी रेकॉर्ड विकत होते. चार वर्षं आधी आला असता तर तो त्या लाटेच्या पुढे असता. आता तो मागून आलेला ठरला.

ही हकिगत सांगताना लोक आगीपाशी थांबतात, आणि मला त्याचं दुःख होतं, कारण अल्बम तसाच राहून जातो. 'वॉटरपिस्टल' ऐकताना पहिल्यांदा जाणवते ती दोन भावांच्या गळ्यांची जात. एकाच घरात वाढलेले दोन आवाज जुळतात तेव्हा सूर कुठे मिळाला ते शोधावं लागत नाही. त्याखाली अकूस्टिक गिटारचं जलद वादन, आणि गाणं चालू असताना अचानक ताल बदलून दुसऱ्याच गाण्यात शिरल्यासारखी वळणं. ही वळणं थेट 'फॉरेव्हर चेंजेस'ची. शब्द मात्र पूर्ण लिव्हरपूलचे आहेत. रस्त्यांची नावं, ओळखीची माणसं, व्यसन, पैशांची चणचण. हेडने हेरॉइनच्या व्यसनाविषयी स्वतः मोकळेपणाने सांगितलं आहे, आणि १९९९ च्या 'एचएमएस फेबल' या अल्बममधल्या एका गाण्यात केन्सिंग्टन या लिव्हरपूलच्या वस्तीतल्या, स्थानिक बोलीत केनीच्या, गल्ल्यांतून ते व्यसन कसं फिरवतं हे येतं. चाल इतकी उजळ, की त्या उजेडातच अंगावर काटा येतो. कॅलिफोर्नियाची चाल आणि केनीचा मजकूर यांची ही सांगड दुसऱ्या कुणी घातलेली मला ठाऊक नाही.

१९९२ मध्ये आर्थर ली लिव्हरपूलला आला, आणि त्याच्या साथीला रंगमंचावर शॅक उभा राहिला. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झालं. आवाजाचा दर्जा यथातथाच आहे, पण मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. ज्या गाण्यांवर हे भाऊ शिकले, ती गाणी बांधणारा माणूस समोर गातो आहे आणि हे त्याला जागा सोडत, त्याचा श्वास बघत वाजवतात. अमेरिकेत तेव्हा लीला विचारणारं फारसं कुणी नव्हतं. पुढे त्याने तुरुंगवास भोगला, २००१ मध्ये तो सुटला आणि २००३ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याने 'फॉरेव्हर चेंजेस' पूर्ण सादर केला. ब्रिटनमधल्या ऐकणाऱ्यांनी त्याला आपलं मानलं होतं, ते असं.

हेडची कथा दुर्दैवाची म्हणून सांगितली जाते, तीही अर्धवट. १९९९ मध्ये एनएमईने त्याला मुखपृष्ठावर छापून देशातला सर्वांत मोठा गीतकार म्हटलं, आणि सोबत वाचकांना विचारलं की ओळखता का याला. पण तो थांबला नाही. २०२२ मध्ये, साठाव्या वर्षी, त्याचा 'डिअर स्कॉट' आला आणि मोजो मासिकाने त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. या अल्बमचं नाव लेखक स्कॉट फिट्झजेराल्डने हॉलिवुडमध्ये असताना स्वतःलाच लिहिलेल्या पोस्टकार्डावरून घेतलं आहे. २०२४ मध्ये 'लूपहोल' आला. आवाज थोडा जड झाला आहे, गिटार तशीच धावते. या वयात या दर्जाचं काम करणारे ब्रिटिश पॉपमध्ये फार थोडे आहेत.

ली मेव्हर्सची वाट उलटी. ला'जनी आपला अल्बम जवळजवळ तीन वर्षं पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केला. जॉन पोर्टर, जॉन लेकी, माइक हेजेस, स्टीव्ह लिलीव्हाइट असे एकाहून एक निर्माते आले आणि गेले. मेव्हर्सला डोक्यातला आवाज टेपवर मिळत नव्हता. एक मिक्सिंग डेस्क त्याने नाकारला, कारण त्यावर साठच्या दशकातली अस्सल धूळ नव्हती, असं सांगतात. ही बहुधा दंतकथा आहे, पण तिच्यात त्याच्या स्वभावाचं चित्र आहे. शेवटी कंपनीने हाती होतं ते जोडून अल्बम काढला आणि मेव्हर्सने मुलाखतींत त्याला जाहीरपणे नावं ठेवली. बासवादक जॉन पॉवर कंटाळून निघाला. त्याने कास्ट हा बँड काढला आणि त्यांचा १९९५ चा 'ऑल चेंज' भरपूर खपला.

मेव्हर्सचा पक्ष मला कळतो, पण पटत नाही. २०१० मध्ये त्या सगळ्या फेकून दिलेल्या ध्वनिमुद्रणांचा चार सीडींचा संच निघाला, त्यामुळे आता तुलना करता येते. काही आवृत्त्या प्रसिद्ध अल्बमपेक्षा निश्चित सरस आहेत. त्यांत खोली आहे, लाकडाचा आवाज आहे, वाजवणारे एकमेकांजवळ उभे असल्यासारखे वाटतात. म्हणजे त्याचा कान खोटा नव्हता. पण त्यांतली कुठलीही एक निवडून पुढे जाता आलं असतं. घराण्याची शिस्त गाणाऱ्याला मोकळं करायला असते. मेव्हर्स तिच्या शुद्धतेच्या इतका आहारी गेला, की पुढची गाणी आली असतील तरी ती लोकांपर्यंत आली नाहीत. या पुस्तकातलं सर्वांत मोठं नुकसान मला ते वाटतं, आगीपेक्षाही मोठं.

स्कॉटलंडच्या टीनएज फॅनक्लबबद्दल एवढं नाट्य सांगण्यासारखं नाही, आणि म्हणूनच त्यांच्यावर लिहिणं अवघड गेलं. ग्लासगोजवळचं बेल्सहिल हे यांचं गाव. नॉर्मन ब्लेक, जेरार्ड लव्ह, रेमंड मॅगिन्ली असे तिघे गीतकार, आणि 'साँग्स फ्रॉम नॉर्दर्न ब्रिटन' या १९९७ च्या अल्बममध्ये गाणी तिघांत जवळपास सारखी वाटलेली. ज्याचं गाणं तो पुढे, बाकी दोघे मागून सूर धरतात. १९९१ मध्ये अमेरिकेच्या स्पिन मासिकाने त्यांच्या 'बँडवॅगनेस्क'ला वर्षाचा अल्बम ठरवलं, त्याच वर्षी निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' आला असूनही. या निवडीची नंतर थट्टा झाली. माझ्या मते 'बँडवॅगनेस्क'पेक्षा १९९५ चा 'ग्रां प्री' आणि हा १९९७ चा अल्बम अधिक चांगले आहेत. संसार, हवामान, सकाळ, एखाद्याची सोबत, एवढ्याच गोष्टींवर गाणी, आणि तीन साध्या गळ्यांच्या मिलाफातून येणारा भरघोसपणा. २०१८ मध्ये जेरार्ड लव्ह बाहेर पडला तेव्हा त्या मिलाफातला एक सूर कायमचा गेला. बाकीचे अजून गात आहेत.

घराणं म्हटलं की तालमीचे दुवे दाखवावे लागतात, आणि ते आहेत. जॉन लेकी १९७० मध्ये ॲबी रोड स्टुडिओत उमेदवारीला लागला आणि हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'च्या ध्वनिमुद्रणात टेप सांभाळत होता. १९८५ मध्ये त्याने एक्सटीसी या बँडबरोबर 'ट्वेंटी फाइव्ह ओ'क्लॉक' केला. स्वतःचं नाव बाजूला ठेवून, ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर या खोट्या नावाने, १९६७ मध्येच बनवल्यासारखी सहा गाणी. खर्च सुमारे ५,००० पौंड. एक्सटीसीच्या आदल्या वर्षीच्या, कितीतरी महाग अल्बमपेक्षा ही रेकॉर्ड जास्त खपली. लेकीने पुढे स्टोन रोझेसचा पहिला अल्बम केला, ला'जबरोबर प्रयत्न केला आणि २०१० मध्ये द कोरलचा 'बटरफ्लाय हाउस' केला. दुसरा दुवा इयन ब्राउडी. पेल फाउंटन्सचा दुसरा अल्बम आणि शॅकचा पहिला, दोन्ही त्याच्या हातचे. २००२ मध्ये कोरलचा पहिला अल्बमही त्यानेच केला. आणि कोरलमधून बाहेर पडलेला गिटारवादक बिल रायडर-जोन्स हा हेडच्या 'डिअर स्कॉट'चा निर्माता. ज्या हेडच्या रेकॉर्ड ऐकून कोरलची ही मुलं वाढली, त्याचं उतारवयातलं उत्तम काम त्यांच्यातल्याच एकाने घडवून आणलं.

कोरल हॉयलेकचे, लिव्हरपूलच्या समोर विरल द्वीपकल्पाच्या टोकावरचं समुद्रकाठचं गाव. पहिला अल्बम आला तेव्हा सगळे विशीच्या आसपासचे. खलाशांची गाणी, स्का, वेस्टर्न चित्रपटांचं संगीत, सगळं त्यांनी एका भांड्यात ढवळलं. २०२१ च्या 'कोरल आयलंड'मध्ये मोसम संपलेल्या जत्रेच्या गावाची दोन भागांतली गोष्ट आहे आणि मधलं निवेदन जेम्स आणि इयन स्केली या भावांच्या आजोबांच्या आवाजात आहे. तो यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. लंडनचे क्लायंटेल याच्या अगदी विरुद्ध टोकाला. ॲलास्डेर मॅक्लीनचा कुजबुजता आवाज, उपनगरातल्या ओल्या रस्त्यांवरचे दिवे, २००५ चा 'स्ट्रेंज जॉमेट्री'. यांच्या रेकॉर्ड अमेरिकेतल्या मर्ज या लेबलने सांभाळल्या. ज्यांना फार मोठा आवाज सोसत नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

एका बँडसाठी मी नियम थोडा सैल केला आहे. कॉर्नरशॉपचा तजिंदर सिंग पंजाबी मुळांचा, इंग्लंडमध्ये वाढलेला. त्यांच्या १९९७ च्या अल्बममधलं 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे आशा भोसले आणि पार्श्वगायनाच्या रेकॉर्डवरचं प्रेमाचं गाणं आहे. मूळ गाणं ६० व्या क्रमांकावर अडकलं. नॉर्मन कुकने त्याचा रीमिक्स केला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते पहिलं आलं. मूळ गाणं गिटारच्या मोजक्या स्वरमेळांवर उभं आहे आणि माझ्या मते तेच अधिक सुंदर आहे. त्याच अल्बमच्या शेवटी 'नॉर्वेजियन वुड' पंजाबीत गायलेलं आहे. सतारीचा जो सूर हॅरिसनने १९६५ मध्ये उचलला, तो इंग्लंडमध्ये वाढलेल्या एका पंजाबी मुलाने आपल्या आईबापांच्या भाषेत परत नेला. घराण्याला नवी शाखा फुटते ती अशी.

काही बँड मी जाणूनबुजून बाहेर ठेवले. बर्मिंगहॅमच्या फेल्टने दहा वर्षांत दहा अल्बम दिले. त्यांना एका प्रकरणात बसवणं अन्यायाचं झालं असतं. ग्लासगोच्या ऑरेंज ज्यूसचा ओढा तितकाच डिस्कोकडे होता. द स्टेअर्सने १९९२ मध्ये मोनोमध्ये ध्वनिमुद्रित केलेला 'मेक्सिकन आर अँड बी' हा अल्बम मला फार आवडतो, पण त्यांच्याविषयी लिहिण्याइतका मजकूर हाती नव्हता.

प्रकरणं काळाच्या क्रमाने लावलेली असली तरी त्या क्रमाने वाचायला हवीत असं नाही. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला तीन गाण्यांची नावं दिली आहेत. ती आधी ऐका, शक्यतो कानाला हेडफोन लावून, कारण बारा तारांमधला तो केसाएवढा फरक फोनच्या स्पीकरवर ऐकू येत नाही. पहिलं प्रकरण पेल फाउंटन्सचं आहे आणि तिथलं पहिलं नाव 'थँक यू' आहे.